उघड्या डोळ्यांची झोप

मी एक जुनी गाडी आहे. रंग पांढरा, दारं चार. माझ्या बनावटीचं नाव सांगून उपयोग नाही, त्या नावाच्या हजारो गाड्या रस्त्यावर आहेत. सिडनीच्या पश्चिमेला टूनगॅबी म्हणून उपनगर आहे, तिथे मी माझी शेवटची वर्षं काढली. आता जिथे उभी आहे तिथे वारा आला की चारी बाजूंनी पत्रा वाजतो. तो वाजायचा थांबतो तेवढ्या वेळात माझं सांगून घेते.

माझी पहिली मालकीण डोरीनबाई. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहायच्या. रविवारी चर्च आणि अधूनमधून बहिणीचं घर, एवढंच माझं फिरणं. त्यांनी मला सावलीत ठेवलं, वेळच्या वेळी ऑइल बदललं, सीटवर कधी काही सांडू दिलं नाही. त्या गेल्या तेव्हा त्यांच्या भाच्याने माझ्या काचेला विक्रीची पाटी लावली आणि मला रस्त्याच्या कडेला उभं केलं.

ते दिवस असे होते की विमानं भरभरून विद्यार्थी येत होते. पंजाबातून, आंध्रातून, आपल्या महाराष्ट्रातून. टूनगॅबीच्या एकेका घरात हॉलमध्येसुद्धा गाद्या पडलेल्या असायच्या. त्या पोरांना कॉलेज एका टोकाला, काम दुसऱ्या टोकाला, आणि शिफ्ट अशा वेळी सुटायची की स्टेशनवर कुत्रंही नसायचं. त्यांना माझ्यासारखीच गाडी लागायची. जुनी, पण चालणारी.

मी पुण्याच्या हृषिकेशकडे आले आणि माझं आयुष्यच पालटलं. तो माझ्यातच जेवायचा, माझ्यातच शर्ट बदलून पिझ्झावाल्याचा युनिफॉर्म घालायचा, स्टिअरिंगवर पुस्तक टेकवून परीक्षेचा अभ्यास करायचा. पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात मला उभी करून तो घरी फोन लावायचा. "हो आई, घरीच आहे. जेवलो. वरण-भात." त्या वेळी त्याच्या मांडीवर चिप्सचं पाकीट असायचं. पुढे मला कळलं की सगळीच पोरं असं बोलतात. गाडीत बसून घरी असल्याचं सांगतात.

त्या दिवसांत मला माणसाची झोप ओळखता यायला लागली.

जागा माणूस स्टिअरिंग सतत इवलंसं हलवत असतो. त्याचं त्यालाही ते कळत नाही. या बाजूला तीळभर, त्या बाजूला तीळभर. झोप आली की आधी ते हलणं थांबतं. हात जागेवरच असतात, पण हातात कुणी नसतं. मग पाय जड होतो आणि मी आपोआप जोरात धावू लागते. डोळे मिटतात ते सगळ्यात शेवटी. कधी कधी तर मिटतही नाहीत.

हृषिकेशला लांब उत्तरेकडच्या डार्विन शहरात नोकरी लागली. तिथे जाताना त्याने माझ्या चाव्या युनिव्हर्सिटीच्या पार्किंगमध्ये ऐश्वर्याच्या हातात दिल्या.

"बाकी सगळं मस्त आहे. फक्त एसी चालत नाही," तो म्हणाला. "आणि एक ऐक. दमलेली असशील तर चालवू नकोस. हिची सीट फार मऊ आहे."

ऐश्वर्या हसली. "मी काय तुझ्यासारखी आळशी आहे का?"

ती आळशी नव्हती, तेच वाईट होतं.

ऐश्वर्या अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्याची. वडील सदानंद सर शाळेत खेळाचे शिक्षक. त्यांनी तीस वर्षं पोरींना सॉफ्टबॉल शिकवला. त्यांच्या मैदानावर गवत नव्हतं, माती होती. ऐश्वर्या त्यांच्या टीमची कॅचर. बॅटरच्या मागे उकिडवं बसायचं, पिचरचा चेंडू झेलायचा, आणि डोळा लवू द्यायचा नाही. हे सगळं मी तिच्याच तोंडून ऐकलं, फोनवर मैत्रिणीला सांगताना. "बाबा डोळ्यांसमोर टाळी वाजवायचे गं, आणि पापणी हलली की मैदानाला एक चक्कर!"

दिवसा ती अकाउंटिंगचं मास्टर्स करत होती. रात्री वृद्धांच्या एका नर्सिंग होममध्ये काम. म्हाताऱ्या माणसांना कुशीवर वळवायचं, बेल वाजली की धावायचं, कुणी घाबरून उठलं तर हात धरून बसायचं. तिच्या जोडीला नागपूरची अंजू होती. दोघी एकाच घरात राहायच्या आणि एकमेकींच्या शिफ्टा सांभाळायच्या. एकीची परीक्षा असली की दुसरी उभी राहायची.

सकाळी शिफ्ट संपली की ऐश्वर्या मला घेऊन निघायची, आणि मी भ्यायचे. एकदा ती सिग्नलला थांबली आणि हिरवा दिवा लागून परत लाल झाला तरी आम्ही तिथेच. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा गदारोळ केला तेव्हा ती दचकून निघाली. एकदा आम्ही घरी पोचलो, तिने इंजिन बंद केलं आणि स्वतःलाच विचारलं, "मी कुठल्या रस्त्याने आले?" तिला आठवेना.

मला ठाऊक होतं. पण मला हॉर्न दिला आहे तो चालवणाऱ्याच्या हातात, माझ्या नाही.

फेब्रुवारीत, इथल्या ऐन उन्हाळ्यात, तिचे आईवडील आले. विमानतळावर सदानंद सरांनी आधी मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "पोरीनं स्वतःची गाडी घेतली, सुलोचना! आपल्या घरात पहिली चारचाकी!" सुलोचनाबाईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्या मुलीच्या चेहऱ्याकडे पाहत होत्या.

"बारीक झालीस," त्या म्हणाल्या.

"इथे सगळेच बारीक असतात आई. जिम करतात."

काम हलकं आहे असं तिने त्यांना सांगितलं होतं. म्हातारी माणसं रात्री झोपलेलीच असतात, मलाही तिथे झोपायला मिळतं, असं. सदानंद सरांनी विश्वास ठेवला. ते रोज संध्याकाळी तिला दारापर्यंत सोडायला यायचे, माझ्या काचेवर थाप मारून म्हणायचे, "जा पोरी, जय भीम!" आणि ती रस्त्याच्या वळणापर्यंत हसरा चेहरा ठेवायची. वळण आलं की तो गळून पडायचा.

डिगर्स पार्कची गोष्ट तिला नर्सिंग होममधल्या एका आजोबांनी सांगितली होती. डोंगरापलीकडे एक जुनं गाव आहे. तिथे सोनं सापडलं तेव्हा अमेरिकेतून खाणकामगार आले आणि त्यांनी रविवारचा वेळ घालवायला बेसबॉलचं मैदान केलं. लाकडी स्टँड आहे, वर पत्र्याचं छप्पर आहे, स्कोअर अजून हाताने पाट्या अडकवून दाखवतात. आजोबा तरुणपणी तिथे खेळले होते. ऐश्वर्याने हे घरी सांगितलं मात्र, सदानंद सर खुर्चीतून उठलेच.

"असं मैदान मी फक्त चित्रात पाहिलं आहे. ऐशू, एक मॅच दाखव. मग ऑपेरा हाऊस नाही दाखवलंस तरी चालेल."

शनिवारची मॅच ठरली. अडचण एकच होती. शुक्रवारची शिफ्ट अंजूने घेतली तर शनिवारची ऐश्वर्याला करावी लागणार होती. पण अंजूला ताप आला. ऐश्वर्या शुक्रवारी रात्री कामावर गेली, आणि शनिवारचीही रात्र तिच्याच नावावर राहिली. आईवडिलांना तिने एवढंच सांगितलं की कामावर चांगली झोप मिळाली.

त्या सकाळी ती मला घरासमोर लावून आत गेली, आणि माझं इंजिन निवायच्या आत आंघोळ करून परत बाहेर आली.

हवा तेव्हाच तापली होती. डोंगरात कुठेतरी जंगल पेटलं होतं. आग लांब होती, पण धुराने आकाश मळलं होतं आणि ऊन तांबूस पडत होतं. सुलोचनाबाई पुढे बसल्या, कारण सर म्हणाले, "तू पुढे बस, तुला डोंगर दिसू दे." सर मागे बसले. त्यांच्या मांडीवर त्यांचा जुना चामडी ग्लोव्ह होता. तो त्यांनी परतवाड्याहून आणला होता, आणि विमानतळावर माती लागली आहे म्हणून अधिकाऱ्यांनी तो पुसून घ्यायला लावला होता. सर ते प्रत्येकाला कौतुकाने सांगायचे. "आपल्या मैदानाची माती त्यांना धोकादायक वाटली बरं का!"

चढ होता तोवर ठीक होतं. वळणावळणाचा रस्ता माणसाला झोपू देत नाही. डोंगर उतरलो, सपाटी लागली, दोन्ही बाजूंना वाळकं गवत आणि मधून मेंढ्या. रस्ता दोरी ताणावी तसा सरळ.

आणि स्टिअरिंगवरचं ते हलणं थांबलं.

मी डावीकडे सरकू लागले. सर मागे काहीतरी सांगत होते, कुठल्याशा तालुक्याच्या मॅचची गोष्ट. माझी चाकं, डुलकी लागलेल्याला जागं करायला कडेला केलेली असते त्या खरखरीत पट्टीवर गेली आणि असा घरघराट झाला की माझा सांगाडा थरथरला. ऐश्वर्याने झटका देऊन मला रस्त्यावर आणलं.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"काही नाही बाबा. रस्ता खराब आहे इथे."

रस्ता चांगला होता. सुलोचनाबाईंनी मान वळवून मुलीकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, तळव्यावर पाणी घेतलं आणि मुलीच्या मानेवर चोळलं.

"थंड वाटतं का?"

"हो आई."

त्यांनी पुढे काहीच विचारलं नाही. उत्तर ऐकायची त्यांना भीती वाटत असावी.

डिगर्स पार्क सांगितलं होतं तसंच होतं, फक्त जास्त म्हातारं. स्टँडचं लाकूड उन्हाने राखाडी झालं होतं. एका बाजूच्या पायऱ्यांना दोर बांधून पाटी लावली होती, कारण आतून वाळवी लागली होती. वारा आला की छपराचा पत्रा उचलला जाऊन खाली आपटायचा. तिथली लोकं गाड्या घेऊन थेट मैदानाच्या कुंपणापर्यंत जातात आणि तोंड मैदानाकडे करून लावतात. त्यामुळे मलाही मॅच दिसली.

सदानंद सर उतरले आणि कुंपणाच्या तारेला दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. ते बराच वेळ हललेच नाहीत. मग मागे न वळता म्हणाले, "सुलोचना, हिरवं बघ केवढं आहे." गवत खरं तर अर्धं जळलेलं होतं.

माझ्या शेजारच्या गाडीत लाल टोपी घातलेला एक म्हातारा होता. त्याने ग्लोव्ह पाहून विचारलं, "यू प्ले, मेट?"

"कोच," सर छाती काढून म्हणाले. "गर्ल्स सॉफ्टबॉल. थर्टी इयर्स."

"गुड ऑन या!" म्हातारा म्हणाला आणि त्याने सरांना आपल्या थंडपेटीतला लिंबू सोडा दिला. रन निघाली की सगळ्या गाड्यांनी हॉर्न वाजवायचा असतो हेही त्यानेच सांगितलं. पहिली रन निघाली तेव्हा सरांनी खिडकीतून हात घालून माझा हॉर्न असा दाबला की सोडेचनात. सुलोचनाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. त्या दिवसातला तेवढाच वेळ मला पुन्हा जगायला आवडेल.

सुलोचनाबाईंनी चटई अंथरली होती. पोळ्या, झुणका, मिरचीचा ठेचा. ऐश्वर्याने दोन घास खाल्ले आणि माझ्या बॉनेटला टेकून उभी राहिली, पाठीमागे माझी पुढची काच. तिच्या अंगाचा सगळा भार माझ्यावर होता.

बॅटरने फटका मारला तो वाकडा बसला. चेंडू उंच उडाला आणि कुंपण ओलांडून आमच्याकडे येऊ लागला. सगळीकडून आरडाओरडा झाला, "हेड्स! हेड्स!" लोकांनी डोक्यावर हात घेतले. लाल टोपीवाला गाडीमागे वाकला.

ऐश्वर्या हलली नाही. तिचे डोळे उघडे होते. ती सरळ त्या चेंडूकडे पाहत होती, आणि चेंडू मोठा मोठा होत तिच्यावर येत होता.

तो तिच्या कानाजवळून माझ्या काचेवर आदळला. काचेला कोळ्याच्या जाळ्यासारखा तडा गेला. आवाजाने ती दचकली आणि इकडेतिकडे पाहू लागली. "काय झालं? कोण आउट झालं?"

लोक हसले. लाल टोपीवाला म्हणाला, "यू राइट, लव्ह? दॅट वॉज क्लोज!"

सदानंद सर हसले नाहीत. ते तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"चेंडू दिसला नाही तुला?"

"दिसला ना बाबा. मला वाटलं, तिकडे जाईल."

"बाळा, तू अंधार पडल्यावर नुसत्या आवाजावर चेंडू झेलायचीस."

"सवय गेली आता."

सरांनी तिच्या डोळ्यांसमोर हात नेले आणि हलकीशी टाळी वाजवली. तिच्या पापण्या लवल्या, पण टाळी वाजून गेल्यानंतर. उशिरा. सर तसेच हात जोडल्यासारखे उभे राहिले. त्यानंतर त्यांनी मॅच पाहिली नाही. ते मैदानाकडे पाठ करून चटईवर बसले आणि मुलीकडे पाहत राहिले.

मॅच संपली. गाड्या एकेक निघाल्या. सुलोचनाबाई डबे आवरत होत्या तेव्हा सर म्हणाले, "आज इथेच राहू. गावात हॉटेल असेल."

"नाही बाबा. मला रात्री शिफ्ट आहे."

"काल पण होती ना?"

"काल झोपले मी तिथे."

"ती झोपली नाही," सुलोचनाबाई डब्याचं झाकण लावत म्हणाल्या. "सकाळी तिच्या बॅगेत तिची चादर होती. घडी मोडलेली नव्हती. मी पाहिली."

स्टँडचा पत्रा उचलला गेला आणि आपटला.

"ऐशू, फोन करून सांग की येत नाही."

"कुणाला सांगू? अंजू तापाने पडली आहे. रात्री तिथे दोघीच असतात बाबा. मी नाही गेले तर ती दुसरी मुलगी एकटी तेवढ्या सगळ्यांकडे कशी बघणार? कुणी पडलं, कुणाला काही झालं तर?" तिचा आवाज चढला. "आय अ‍ॅम फाइन! मी रोज हेच करते. रोज!"

तो शेवटचा शब्द तिच्या तोंडून निसटला. सरांचा चेहरा पडला. ज्या माणसाच्या एका शिट्टीवर शंभर पोरी जागच्या जागी थांबायच्या, तो तिथे उभा राहून माझ्या चाव्यांकडे पाहत होता. चाव्या मुलीच्या हातात होत्या. त्यांना चारचाकी चालवता येत नव्हती. कुठला रस्ता कुठे जातो ते ठाऊक नव्हतं. हॉटेलात जाऊन काय बोलायचं तेही त्यांना मुलीलाच विचारावं लागणार होतं.

"बरं," ते शेवटी म्हणाले. "पण पुढे मी बसतो. मी बोलत राहीन. तुला झोपू देणार नाही."

मला वाटलं, सुलोचनाबाई तरी अडवतील. त्या आपल्या नवऱ्याकडे पाहत होत्या, ते मुलीकडे, आणि मुलगी घड्याळाकडे. तिघंही माझ्यात बसले आणि दारं लागली.

मैदानापासून हमरस्त्यापर्यंतचा रस्ता जुना होता. त्याच्या कडेला खरखरीत पट्टी नव्हती.

सर बोलत राहिले, खरंच बोलत राहिले. जुन्या टीममधल्या एकेकीची गोष्ट. कुणाचं लग्न झालं, कोण पोलिसात गेली, कोणी अकोल्याला चपलांचं दुकान टाकलं. ऐश्वर्या "हं" म्हणायची. ऊन मागून येत होतं, मऊ आणि कोमट. गरम वारा एका खिडकीतून येऊन दुसऱ्या खिडकीतून जात होता. सुलोचनाबाई मागे डब्यांच्या पिशवीला टेकल्या होत्या. दिवसभर उन्हात बसलेल्या, परक्या देशातल्या झोपेला अजून न सरावलेल्या. आधी त्यांची मान कलली.

मग सरांच्या वाक्यात खड्डे पडायला लागले. "ती आपली... कोण गं ती... डावखुरी..." ऐश्वर्याचं "हं" आलं. "तिला मी म्हटलं..." आणि काय म्हटलं ते आलंच नाही. त्यांचं डोकं खिडकीला टेकलं, ग्लोव्ह मांडीवरून घसरून सीटखाली गेला.

मी "हं"ची वाट पाहिली. तेही आलं नाही.

स्टिअरिंग थांबलं. पाय जड झाला. तिघं माणसं झोपली होती आणि जागी होते फक्त मी. माझा वेग वाढत होता. इंजिन गुरगुरत होतं, पण त्या आवाजाने तर त्यांना आणखीच झोप येत होती. समोर रस्ता किंचित उजवीकडे वळत होता. मी सरळ जात होते.

डांबर संपलं, खडी लागली. माझ्या पोटाखाली दगडांचा मारा झाला तेव्हा ऐश्वर्याने डोळे उघडले. किंवा उघडे होतेच, ती त्यांत परत आली. तिने स्टिअरिंग ओढलं, ब्रेक दाबला. मी जीव खाऊन थांबायचा प्रयत्न केला. पण खडीवर चाकं धरत नाहीत. मी तारेचं कुंपण तोडलं, आडवी झाले, आणि माझी डावी पुढची बाजू निलगिरीच्या एका जुन्या झाडावर गेली.

डाव्या बाजूला सर होते.

त्यानंतरची शांतता मला आठवते. धूळ खाली बसत होती. मग सुलोचनाबाईंचा आवाज आला, "ऐशू? अहो? ऐशू?" आणि ऐश्वर्याचा, अगदी लहान मुलीसारखा, "बाबा, उठा ना. बाबा, बोला ना." सर बोलले ते बऱ्याच वेळाने. मागून येणाऱ्या एका गाडीतून तोच लाल टोपीवाला उतरून धावत आला होता आणि दार ओढत होता, तेव्हा ते म्हणाले, "पाय सापडत नाही माझा."

हेलिकॉप्टर त्याच गवतावर उतरलं. ते गेल्यावर संध्याकाळ झाली आणि मी एकटी राहिले.

मला ओढून या यार्डात आणलं. इथे माझ्यासारख्या पुष्कळ आहेत. कुणाचं तोंड आत गेलेलं, कुणाचं छप्पर. रोज एखादीचा नंबर लागतो. आधी उपयोगाचे भाग काढतात, मग उरलेली दाबून चपटी करतात.

परवा दुपारी ऐश्वर्या आणि सुलोचनाबाई आल्या, गाडीतलं सामान न्यायला. ऐश्वर्याच्या हाताला प्लास्टर होतं. अंजूने त्यांना फाटकाशी सोडलं. यार्डचा माणूस त्यांना माझ्यापर्यंत घेऊन आला आणि बाजूला जाऊन उभा राहिला.

ऐश्वर्या माझी डावी बाजू बघेना. ती उजवीकडून फिरून आली.

"आई, मी परत येते तुमच्याबरोबर. अपघाताची पोलीस केस संपली की लगेच. नको मला इथे काही."

"मग तिथे काय करशील?"

"बाबांचं करेन. पाय मीच..."

"गुडघ्याखालचा गेला. गुडघा राहिला आहे," सुलोचनाबाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी पुष्कळदा म्हटलेलं असावं, इतकं ते सरळ आलं. "काल त्यांनी शेजारच्या पलंगावरच्या पोराला चेंडू कसा धरायचा ते दाखवलं. सफरचंद घेऊन. आणि तुझं नाव काढलं की रडतात. म्हणतात, मी बोलत राहीन म्हटलं होतं आणि मीच झोपलो."

"त्यांचा काय दोष आई? मी खोटं बोलले. दोन वर्षं खोटं बोलत आले."

"मला ठाऊक होतं."

ऐश्वर्याने वर पाहिलं.

"फोनवर तुझा आवाज यायचा ना, त्यात कळायचं. गाडीत मानेवर पाणी लावलं तेव्हा तर कळलंच होतं. मी विचारलं नाही." सुलोचनाबाईंनी तिच्या प्लास्टरवर हात ठेवला. "विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस, आणि मग आम्हाला काहीतरी करावं लागलं असतं. आम्हाला तर गावात सांगायचं होतं, पोरीची गाडी आहे म्हणून."

मग यार्डच्या माणसाने कागदावर सही हवी म्हणून सुलोचनाबाईंना हाक मारली. "तू ग्लोव्ह शोध, मी येते," त्या म्हणाल्या आणि ऑफिसकडे गेल्या.

ऐश्वर्याने माझं मागचं दार उघडलं. गुडघ्यावर वाकून तिने सीटखाली हात घातला, ग्लोव्ह ओढून काढला. धूळ झटकली. मग ती मागच्या सीटवर बसली. पुढच्या तुटलेल्या भागाकडे आता ती पाहत होती, बराच वेळ. नंतर तिने ग्लोव्ह छातीशी धरला आणि आडवी झाली, नुसती पाठ टेकायला म्हणून.

तुम्ही कुणी दूर देशात पोरंबाळं पाठवली असतील, तर गाडी कुठली आणि केवढी ते मागून विचारा. आधी विचारा, झोपलास का, झोपलीस का. आणि उत्तर येईपर्यंत फोन ठेवू नका. माझ्यासारखीला बोलता आलं असतं तर मी प्रत्येक वळणावर हेच ओरडले असते. उद्या-परवा माझा नंबर लागेल. त्याचं मला काही वाटत नाही.

सुलोचनाबाई परत आल्या. मागून यार्डचा माणूस किल्ल्यांचा जुडगा वाजवत आला, बंद करायची वेळ झाली म्हणून सांगायला. सुलोचनाबाईंनी खिडकीतून आत पाहिलं आणि मागे न वळताच त्याला हाताने थांबवलं. त्याने किल्ल्या मुठीत धरल्या. तो एका उलट्या टायरवर बसला. सुलोचनाबाई उन्हाच्या बाजूला येऊन माझ्या खिडकीशी उभ्या राहिल्या, म्हणजे सावली आत पडेल.

तिचे डोळे मिटलेले होते, पूर्ण मिटलेले. किती वेळा ती माझ्यात झोपली होती आणि मी धावत होते. या वेळी ती झोपली आणि मी उभी होते.